संक्रांत चौदाला की पंधराला?

डिसेंबरात नवी दिनदर्शिका घरात आली की बऱ्याच घरांत आधी जानेवारीचं पान बघितलं जातं. तीळ-गूळ आणायचा असतो, हळदीकुंकवाची तारीख ठरवायची असते, ऑफिसात रजा टाकायची असते. यंदा संक्रांत चौदाला की पंधराला? ‘आमच्या वेळी कायम चौदालाच असायची’ असं घरातलं कुणीतरी मोठं माणूस म्हणतं आणि पंचांगवाल्यांनी काहीतरी घोळ घातलाय असं सगळ्यांचं एकमत होतं. पंचांगवाल्यांचा यात काही दोष नाही. हा खेळ २९ फेब्रुवारीचा आहे. गंमत म्हणजे मोठ्यांची आठवणही खरी आहे.

आपले बहुतेक सण चंद्राच्या तिथीवर चालतात, संक्रांत मात्र सूर्यावर. सूर्य मकर राशीत शिरतो तो क्षण म्हणजे संक्रमण. ताऱ्यांच्या संदर्भात सूर्याची एक फेरी ३६५ दिवस, ६ तास आणि साधारण ९ मिनिटांत पूर्ण होते. इंग्रजी वर्ष ३६५ दिवसांत आटोपतं. त्यामुळे दर वर्षी संक्रमणाची वेळ सव्वासहा तासांना थोडी कमी इतकी पुढे जाते. २०२५ मध्ये १४ जानेवारीला सकाळी नऊच्या सुमारास, २०२६ मध्ये त्याच तारखेला दुपारी सव्वातीनच्या आसपास, २०२७ मध्ये रात्री सव्वानवाला. संक्रमण सूर्यास्तानंतर झालं तर पुण्यकाळ दुसऱ्या दिवशी धरतात, म्हणून २०२७ ची संक्रांत १५ जानेवारीला. २०२८ मध्ये संक्रमण पहाटे साडेतीनच्या सुमारास, म्हणजे पुन्हा पंधरालाच. मग २०२८ च्या फेब्रुवारीत एक दिवस जादा येतो, तारीख एक घर मागे खेचली जाते आणि २०२९ ला आपण परत चौदा तारखेच्या सकाळी, पावणेदहाच्या आसपास, येऊन उभे राहतो.

म्हणजे चौदा, चौदा, पंधरा, पंधरा असं चार वर्षांचं आवर्तन. लक्षात ठेवायला सोपं: लीप वर्षाच्या जानेवारीत आणि त्याच्या आदल्या वर्षी पंधरा, उरलेल्या दोन वर्षी चौदा. लीप वर्षातली संक्रांत २९ फेब्रुवारीच्या आधी येते, त्यामुळे जादा दिवसाचा परिणाम तिच्यावर पुढच्या वर्षी दिसतो. इथेच बहुतेकांची गल्लत होते.

पण नीट पाहिलं तर २०२५ ची वेळ नऊ आणि २०२९ ची पावणेदहा. चार वर्षांचं येणं एका दिवसात पुरतं फिटत नाही, दर वेळी सदतीसेक मिनिटं शिल्लक राहतात. ही शिल्लक साठत जाते. १९५० च्या दशकात चारही वर्षांची संक्रमणं १३ च्या रात्रीपासून १४ च्या संध्याकाळपर्यंतच्या पट्ट्यात बसत होती, म्हणून त्या काळी संक्रांत खरोखरच कायम चौदाला असे. १९७० च्या दशकात लीप वर्षाची संक्रांत सूर्यास्त ओलांडून पंधराला गेली. लीप वर्षाच्या आदल्या वर्षीची तर अगदी अलीकडे, गेल्या पंधरा-वीस वर्षांत सरकली. आजीचं म्हणणं बरोबर आणि छापलेलं पानही बरोबर.

आणखी मागे गेलं तर स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीच्या दिवशी झाला, तारीख १२ जानेवारी १८६३. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. ती संक्रांतीच्या दिवशी झाली असं आपण सर्रास म्हणतो, ‘संक्रांत कोसळली’ हा शब्दप्रयोगही तिला चिकटवतो. पण हाच हिशेब उलटा केला तर त्या साली संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. दुःख तेवढंच मोठं, तारखांचा योग तेवढा आपण मागाहून जुळवलेला. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांचं गणित आणखी वेगळं: त्यांचा राशीचक्राचा आरंभबिंदू निराळा, म्हणून त्यांची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. कधी अधिक महिनाही वेगळा पडतो. २०२३ मध्ये त्यांचे गणपती ऑगस्टमध्येच बसले होते.

गणपतीचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज इथेच काढून टाकू. ‘लीप वर्ष आलं म्हणून यंदा गणपती लवकर आले’ असं वाक्य कानावर येतं. गणपती पुढे-मागे होतात ते चंद्रामुळे. बारा चांद्रमासांचं वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून इंग्रजी तारखेनं सण दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येणारा अधिक महिना त्याला एकोणीसेक दिवस पुढे ढकलतो. लीपचा वाटा फक्त एका दिवसाचा. २०२१ मध्ये गणेश चतुर्थी १० सप्टेंबरला होती, २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला, म्हणजे दहा दिवस अलीकडे. २०२३ ची १९ सप्टेंबर आणि २०२४ ची ७ सप्टेंबर यांत बारा दिवसांचं अंतर पडलं, कारण मध्ये २९ फेब्रुवारी होती. मोठी ढकल अधिक महिन्याची, हा जादा दिवस म्हणजे नुसता चिमटा.

वारांवर मात्र त्याची सत्ता पूर्ण चालते. ३६५ ला सातनं भागलं तर बाकी एक उरते, ३६६ ला दोन. म्हणून साध्या वर्षी तीच तारीख एक वार पुढे जाते, आणि मध्ये २९ फेब्रुवारी पडली तर दोन. ‘मध्ये पडली तर’ हे महत्त्वाचं. २०२३ चा स्वातंत्र्यदिन मंगळवारी होता, २०२४ चा गुरुवारी: बुधवार गाळला गेला. प्रजासत्ताक दिन मात्र २०२३ ला गुरुवारी आणि २०२४ ला शुक्रवारी, म्हणजे लीप वर्ष असूनही एकच वार पुढे. त्याची उडी २०२५ ला पडली, शुक्रवारवरून थेट रविवारवर, आणि नोकरदारांची एक सुट्टी बुडाली. ज्यांचा वाढदिवस जानेवारी-फेब्रुवारीत असतो, त्यांना लीपचा धक्का वर्षभर उशिरा बसतो.

यातूनच जुन्या तारखेचा वार काढायची युक्ती निघते. मधली वर्षं मोजायची, त्यांत मधल्या २९ फेब्रुवारी मिळवायच्या, सातनं भागायचं आणि बाकीइतके वार मागे जायचं. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला स्थापन झालं. २०२६ चा १ मे शुक्रवारी. मधली वर्षं ६६. मधल्या २९ फेब्रुवारी १९६४ पासून २०२४ पर्यंत १६. बेरीज ८२, सातनं भागून बाकी ५. शुक्रवारपासून पाच वार मागे: गुरुवार, बुधवार, मंगळवार, सोमवार, रविवार. तो दिवस रविवारच होता. चूक होते ती १९६० धरण्यात. ते लीप वर्ष होतं खरं, पण त्याची २९ फेब्रुवारी राज्यस्थापनेच्या आधीच होऊन गेली होती, म्हणून ती मोजायची नाही. तिसरीतल्या मुलालाही हे जमतं आणि मोबाईल न बघता आजोबांचा जन्मवार सांगितला की पाहुण्यांत भाव खाता येतो. फक्त १९०० च्या अलीकडून पलीकडे जायचं असेल तर एक दिवस कमी धरायचा. का, ते पुढे येतंय.

जुनी दिनदर्शिका पुन्हा लावता येईल का, हा प्रश्न काटकसरी घरांत हमखास निघतो. १ जानेवारीचा वार सातांपैकी एक आणि वर्ष साधं किंवा लीप, म्हणजे एकंदर चौदाच नमुने. लीप वर्षाचा नमुना २८ वर्षांनी परत येतो: २०२४ ची तारीख-वारांची मांडणी १९९६ ची आणि पुढे २०५२ ची. लीपनंतरचं पहिलं वर्ष सहा वर्षांनी परत येतं, दुसरं आणि तिसरं अकरा वर्षांनी. म्हणून २०२५ सारखं वर्ष २०३१, आणि २०२६ सारखं २०३७. मागे जायचं तर २०२६ ला २०१५ ची दिनदर्शिका चालते. चालते म्हणजे तारीख आणि वार जुळतात, एवढंच. दूधवाल्याचा हिशेब मांडायला ठीक, पण एकादशी बघायला गेलात तर फसाल, कारण तिथी चंद्राच्या आहेत आणि चंद्राला आपल्या सात वारांशी देणंघेणं नाही.

तिथी परत यायला एकोणीस वर्षं लागतात. २३५ चांद्रमास आणि १९ सौरवर्षं यांची लांबी काही तासांच्या फरकानं सारखी आहे. २००७ मध्ये अधिक ज्येष्ठ होता, २०२६ मध्येही अधिक ज्येष्ठच, तोही १७ मे ते १५ जून. २००७ ची गणेश चतुर्थी १५ सप्टेंबरला, २०२६ ची १४ ला. हा एका दिवसाचा फरक पडण्यात लीपचाही हात असतो, कारण एकोणीस वर्षांच्या कप्प्यात कधी चार २९ फेब्रुवारी बसतात, कधी पाच. म्हणून मागच्या पिढीतल्या एखाद्या काकांनी जुनी पंचांगं जपून ठेवली असतील तर त्यांना हसू नये. लग्नाच्या हॉलचं दोन वर्षं आधी बुकिंग करायचं असेल तर सणवारांचा अंदाज त्यांतून येतो. नेमकेपणासाठी अर्थात नवं पंचांगच हवं.

याच वळणावर दर काही वर्षांनी व्हॉट्सअॅपवर एक निरोप फिरतो: ‘या फेब्रुवारीत चार सोमवार, चार मंगळवार, सगळे वार चार-चार! असं ८२३ वर्षांतून एकदाच घडतं!’ अठ्ठावीस दिवसांच्या प्रत्येक फेब्रुवारीत सगळे वार चार-चारच येतात, अठ्ठावीस भागिले सात चारच होतात. रविवारी सुरू होऊन शनिवारी संपणारा देखणा फेब्रुवारी हवा असेल तर तोही २००९, २०१५ आणि २०२६ ला आलाच. पुढचा २०३७ ला. पुढे ढकलण्याआधी भागाकार करायला हरकत नसावी.

आता १९०० चा प्रश्न. ज्युलियस सीझरनं इसवी सनापूर्वी ४५ मध्ये दर चौथ्या वर्षी एक जादा दिवस लावून दिला. त्याच्या मृत्यूनंतर रोमच्या पुरोहितांनी ‘चौथं’ मोजताना सुरुवातीचं वर्षही धरलं आणि दर तिसऱ्या वर्षी दिवस घालत बसले. ऑगस्टसला पुढे काही लीप वर्षं गाळून ही चूक निस्तरावी लागली. पण मूळ नियमातही गळती होती. ऋतूंचं वर्ष ३६५.२५ नव्हे तर ३६५.२४२२ दिवसांचं. फरक अकरा मिनिटांचा, पण १२८ वर्षांत त्याचा एक दिवस होतो. १५८२ पर्यंत वसंतसंपात, म्हणजे मार्चमधला दिवस-रात्र समान असण्याचा क्षण, दहा दिवस अलीकडे आला होता. तेरावे पोप ग्रेगरी यांनी ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर लावली आणि पुढे गळती होऊ नये म्हणून शतकाच्या वर्षांना चारशेची अट घातली: चारशेनं भाग गेला तरच लीप. १६००, २००० लीप. १७००, १८००, १९००, २१०० साधी. चारशे वर्षांत ९७ जादा दिवस.

पोर्तुगालनं हे लगेच स्वीकारलं. इंग्लंडनं पोपचं ऐकायचं नाही म्हणून १७५२ पर्यंत जुनाच नियम चालवला. आता हे मराठी इतिहासात कसं घुसतं ते बघा. सुरतेच्या इंग्रज वखारीतली पत्रं जुन्या पद्धतीच्या तारखेची, गोव्यातले पोर्तुगीज कागद नव्या. वेंगुर्ल्याच्या डच वखारीतलेही नव्या. एकाच घटनेची इंग्रज कागदात ६ तारीख आणि पोर्तुगीज कागदात १६. शिवाय इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या पत्रावर आदल्या वर्षाचा आकडा. शिवकाळावर काम करणाऱ्याला हाताशी जंत्री, म्हणजे तारखा, तिथी आणि वार यांचा मेळ घालणारे तक्ते, ठेवावी लागते ती यासाठी.

शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ चा. आपण ज्या ६ जून १६७४ ला रायगडावर जमतो ती जुन्या, ज्युलियन पद्धतीची तारीख. आजच्या पद्धतीनं तो दिवस १६ जून. महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. १९ फेब्रुवारी १६३० ही त्याची ज्युलियन तारीख, आजच्या पद्धतीनं १ मार्च. वार मात्र दोन्ही पद्धतींत एकच: जन्म शुक्रवारी, राज्याभिषेक शनिवारी. पोपनं तारखा गाळल्या, वारांची साखळी तोडली नाही. जुन्या कागदातली तारीख कोणत्या पद्धतीची हे तपासायचं सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे तिच्यासोबत दिलेला वार आणि तिथी. तारखेची जयंती आणि तिथीची जयंती यांवरून दर वर्षी जो वाद रंगतो, त्यात तारखेच्या बाजूला हे दहा दिवस दडलेले आहेत याचा उल्लेख फारसा होत नाही. तारीख बदलावी असं माझं मुळीच म्हणणं नाही, रूढ झालेल्या दिवसाला स्वतःचं वजन येतं. पण ‘तारीख शास्त्रीय, तिथी पारंपरिक’ असा सूर कुणी लावला तर मात्र त्याला जंत्री दाखवावी, कारण इथे आजच्या आकाशाशी मेळ खाते ती तिथीच.

१९०० मध्ये लीप दिवस नसण्याचा फटका एका प्रसिद्ध माणसाला बसला. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री आणि पुढे पंतप्रधान झालेले मोरारजी देसाई २९ फेब्रुवारी १८९६ चे. त्यांच्या आयुष्यातली पुढची २९ फेब्रुवारी आली ती थेट १९०४ मध्ये, आठव्या वर्षी. १९९५ च्या एप्रिलमध्ये ते गेले तेव्हा वय ९९ होतं आणि तारखेनुसार खरे वाढदिवस २३.

सरकारी नोकरीत १ मार्चला जन्मलेल्यांचा मामला जास्त मजेदार. नियम असा, की ज्या महिन्यात निवृत्तीचं वय पूर्ण होतं त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्ती, पण जन्म एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. राज्य सेवेत ५८ ला निवृत्त होणारा १ मार्च १९६६ चा कर्मचारी २९ फेब्रुवारी २०२४ ला घरी गेला, १९६५ चा त्याचा सहकारी २८ फेब्रुवारी २०२३ ला. मासिक पगारात मात्र त्या जादा दिवसाचा वेगळा पैसा मिळत नाही. बँकेच्या व्याजातही भागाकार ३६५ नं की ३६६ नं, हे त्या ठेवीच्या अटींत लिहिलेलं असतं. एक लाखावर ७ टक्क्यांनी दिवसाचं व्याज १९ रुपये १८ पैसे की १९ रुपये १३ पैसे, एवढाच सवाल. पाच पैशांसाठी काउंटरवर हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

संगणकांनी मात्र या दिवसापायी मोठी फजिती करून घेतली आहे. एक्सेल अजूनही १९०० ला लीप वर्ष मानतं. लोटस या जुन्या स्प्रेडशीटमधली ती चूक, तिच्या फायली जशाच्या तशा उघडाव्यात म्हणून मुद्दाम ठेवलेली. रिकाम्या खान्यात ६० टाकून तारखेचं रूप दिलं की कधीच न उगवलेली २९ फेब्रुवारी १९०० दिसते. त्याआधीच्या तारखांचे वार त्यामुळे चुकतात. घराण्याची वंशावळ एक्सेलमध्ये भरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. मायक्रोसॉफ्टचं झून हे गाणी वाजवणारं यंत्र ३१ डिसेंबर २००८ ला गोठलं, कारण वर्षाला ३६६ वा दिवस असतो ही शक्यता त्याच्या प्रोग्रॅममधल्या एका लूपनं पुरती हाताळलेली नव्हती.

सरकारी राजपत्रावर इंग्रजी तारखेशेजारी ‘फाल्गुन १०, शके १९४५’ असं छापलेलं असतं, ते आपलं भारतीय सौर पंचांग. मेघनाद साहा यांच्या समितीनं सुचवलेलं, २२ मार्च १९५७ पासून लागू. त्याचा लीपचा नियम सोपा आहे: शकाच्या आकड्यात ७८ मिळवा, येणारं इंग्रजी वर्ष लीप असेल तर चैत्र ३० ऐवजी ३१ दिवसांचा आणि वर्षारंभ २२ ऐवजी २१ मार्चला. जादा दिवस इंग्रजीत फेब्रुवारीच्या शेवटी आणि इथे चैत्राच्या शेवटी. त्यामुळे लीप वर्षात २९ फेब्रुवारीपासून २० एप्रिलपर्यंत दोन्ही तारखांची नेहमीची जोडी एका दिवसानं चुकते. राजपत्राचं काम बघणाऱ्या लिपिकाकडून गेल्या वर्षीचा तक्ता समोर ठेवून उतरवताना गफलत होते ती याच सात आठवड्यांत. आणि हा चैत्र गुढीपाडव्याचा चैत्र नव्हे, हे सांगून सांगून कंटाळा येतो.

राहता राहिलं २१००. त्या सालापर्यंत संक्रांतीची सदतीस-सदतीस मिनिटांची शिल्लक बरीच साठलेली असेल. २०४६ च्या आसपास लीपनंतरचं दुसरं वर्षही सूर्यास्ताच्या पलीकडे जाईल आणि चौदाची संक्रांत फक्त लीपनंतरच्या पहिल्या वर्षापुरती उरेल. २०९० च्या सुमारास तीही संपेल. मग दहाएक वर्षं दर साल पंधराच, कुणी काही विचारायला नको. त्यानंतर २१०० चा फेब्रुवारी २८ दिवसांतच संपणार, नेहमीची मागे खेचणारी ओढ मिळणार नाही, आणि २१०१ ची संक्रांत १६ जानेवारीला लागेल. पुढची काही वर्षंही सलग सोळाच. तोवर ‘आमच्या वेळी कायम पंधरालाच असायची’ असं म्हणणारी माणसं घरोघरी तयार झालेली असतील.